दोन आसनी अतिहलके किट विमान

दोन आसनी अतिहलके किट विमान म्हणजे दोन व्यक्तींना वाहून नेणारे, कमी वजनाचे व एका इंजिनावर चालणारे असे विमान, ज्याचे सुटे भाग कारखान्यातून संचाच्या रूपात मिळतात आणि ज्याची जुळणी विकत घेणारा स्वतः करतो. सुट्या भागांच्या अशा संचाला 'किट' म्हणतात. त्यावरून या प्रकारास संच-विमान असेही म्हणता येते. हौशी वैमानिकांचे उड्डाण, प्राथमिक प्रशिक्षण, शेतांची व जंगलांची हवाई पाहणी अशा कामांसाठी ही विमाने वापरली जातात.

अशा विमानाचा आराखडा आखताना दोन प्रश्न सतत समोर असतात. पहिला वजनाचा व किमान वेगाचा. कारण कायद्याची मर्यादा आणि आपत्कालीन उतरणीतील जिवाची शाश्वती या दोन्ही गोष्टी त्यांवर अवलंबून असतात. दुसरा प्रश्न जुळणी करणाऱ्याचा. मोठ्या विमानाचे रिव्हेट प्रशिक्षित कारागीर ठोकतो आणि त्याचे काम दुसरा निरीक्षक तपासतो. किट विमान बांधणारा मात्र शिक्षक, डॉक्टर किंवा शेतकरी असू शकतो आणि त्याने आयुष्यात प्रथमच विमानाच्या भागाला हात लावलेला असतो. म्हणून चूक होणे कठीण व झालेली चूक दिसणे सोपे असावे, ही चांगल्या किट रचनेची कसोटी मानली जाते.

संज्ञा आणि व्याप्ती

'अतिहलके' या शब्दाचा कायदेशीर अर्थ सर्व देशांत सारखा नाही. अमेरिकेत १९८२ साली लागू झालेल्या नियमांनुसार अतिहलक्या वाहनास एकच आसन असावे लागते आणि इंजिनासह त्याचे रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११५ किलोग्रॅमपेक्षा कमी असावे लागते. त्यामुळे दोन आसनी विमान तेथे या वर्गात बसत नाही. स्वतः बांधलेले असल्यास ते 'प्रायोगिक' वर्गात नोंदवले जाते. २००४ साली तेथे 'हलके क्रीडा विमान' हा वेगळा वर्गही निर्माण झाला आणि त्याची वजनमर्यादा जमिनीवरून उडणाऱ्या विमानासाठी ६०० किलोग्रॅम ठरवण्यात आली.

युरोपात दोन आसनी मायक्रोलाइटची मर्यादा दीर्घकाळ ४५० किलोग्रॅम होती. विमानाला आपत्कालीन हवाई छत्री बसवली असल्यास ती ४७२.५ किलोग्रॅम धरली जाई. किमान वेग ताशी ६५ किलोमीटरपेक्षा अधिक असू नये, अशीही अट होती. २०१८ च्या युरोपीय कायद्यानंतर सदस्य देशांना ही वजनमर्यादा ६०० किलोग्रॅमपर्यंत वाढवण्याची मुभा मिळाली. भारतात या विमानांना सामान्यतः 'मायक्रोलाइट' म्हणतात आणि त्यांची नोंदणी व उड्डाणयोग्यता नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) अखत्यारीत येते.

स्वतः बांधायच्या विमानांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात केवळ नकाशे विकत घेऊन प्रत्येक भाग घरी घडवावा लागतो. दुसऱ्या प्रकारात भाग कापून, वाकवून व छिद्रे पाडून मिळतात आणि जुळणीचे काम उरते. किट विमान हे या दुसऱ्या प्रकारचे होय.

इतिहास

घरी विमान बांधण्याची कल्पना विमानाइतकीच जुनी आहे. ब्राझीलचे वैमानिक अल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांनी १९०७ साली 'देमोझेल' हे छोटे विमान तयार केले आणि त्याचे नकाशे कोणालाही वापरण्यास खुले ठेवले. १९१० साली हे नकाशे एका अमेरिकी तंत्रविषयक मासिकात प्रसिद्ध झाले.

१९३३ साली फ्रान्समधील आँरी मिन्ये यांनी 'पू-द्यू-सिएल' म्हणजे 'आकाशातील ऊ' या टोपणनावाचे विमान उडवले. त्याच्या बांधणीवरील पुस्तकामुळे युरोपभर शेकडो हौशी लोकांनी ते बांधायला घेतले. पुढे प्राणघातक अपघातांची मालिका सुरू झाली. मोठ्या वातबोगद्यात केलेल्या चाचण्यांत असे आढळले, की विमान ठरावीक कोनापेक्षा अधिक खाली झुकल्यास पुढच्या व मागच्या पंखांवरील हवेच्या प्रवाहांचा एकमेकांवर परिणाम होतो आणि वैमानिकाला विमान पुन्हा वर काढता येत नाही. अनेक देशांत त्यावर बंदी आली. दोष बांधणाऱ्यांच्या हातात नसून मूळ आराखड्यात होता. हौशी बांधणीच्या विमानाचा आराखडा आधी तज्ज्ञांकडून तपासला जावा, या विचाराला या घटनेमुळे बळ मिळाले.

१९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही हौशी विमानबांधकांची संस्था स्थापन केली. १९७० पासून ऑशकॉश येथे भरणारा तिचा वार्षिक मेळावा या क्षेत्रातील सर्वांत मोठा मेळावा मानला जातो. १९७०च्या दशकात बर्ट रुटान यांच्या 'व्हेरीईझी' व 'लाँग-ईझी' या विमानांनी फोम आणि काचतंतू यांपासून घरच्या घरी विमान घडवता येते हे दाखवले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात हँग ग्लायडरना छोटी इंजिने बसवण्याची प्रथा सुरू झाली व तिच्यातून आजच्या अतिहलक्या विमानांची शाखा फुटली. पुढे संगणकनियंत्रित यंत्रांनी अचूक छिद्रे पाडलेले पत्रे मिळू लागल्यावर किट विमानांचा प्रसार वेगाने झाला. अमेरिकेतील 'व्हॅन्स' या एकाच कंपनीच्या संचांतून तयार होऊन उडालेल्या विमानांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली आहे.

प्रातिनिधिक उदाहरण : सीएच ७०१

या लेखात रचनेची तत्त्वे स्पष्ट करण्यासाठी 'झेनिथ सीएच ७०१' या विमानाचे उदाहरण घेतले आहे. त्याचे अभिकल्पक ख्रिस हाइन्त्झ यांनी झुरिकच्या तंत्रविद्यापीठात शिक्षण घेतले, काँकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाच्या प्रकल्पात काम केले आणि नंतर फ्रान्समधील रोबँ या हलक्या विमानांच्या कंपनीत मुख्य अभियंता म्हणून काम पाहिले. कॅनडात स्थायिक झाल्यावर १९७४ साली त्यांनी 'झेनएअर' ही किट विमानांची कंपनी काढली. १९८६ साली उडालेले सीएच ७०१ हे शेत, माळरान किंवा नदीकाठ अशा आखूड व ओबडधोबड जागेतून उड्डाण करण्यासाठी आखलेले विमान आहे. नावातील 'सीएच' ही अभिकल्पकाच्या नावाची आद्याक्षरे होत.

मुख्य मापे पुढीलप्रमाणे आहेत :

आसने : २, शेजारीशेजारी
पंखविस्तार : ८.२ मीटर
लांबी : ६.४ मीटर
पंखांचे क्षेत्रफळ : ११.३ चौरस मीटर
रिकामे वजन : सुमारे २६३ किलोग्रॅम
उड्डाणाचे कमाल वजन : ४९९ किलोग्रॅम
इंधन : सुमारे ७६ लिटर
इंजिन : सामान्यतः रोटॅक्स ९१२, ८० किंवा १०० अश्वशक्ती
प्रवासी वेग : ताशी सुमारे १३० किलोमीटर

रचनेची तत्त्वे

वजनाचा हिशोब

विमानाच्या कमाल वजनातून रिकामे वजन वजा केले म्हणजे माणसे, इंधन व सामान यांसाठी उरलेला वाटा मिळतो. सीएच ७०१ मध्ये तो ४९९ वजा २६३, म्हणजे २३६ किलोग्रॅम आहे. प्रत्येकी ८० किलोग्रॅमच्या दोन व्यक्ती बसल्यावर ७६ किलोग्रॅम उरतात. पेट्रोलचे वजन दर लिटरला सुमारे ०.७२ किलोग्रॅम असते. म्हणून भरलेल्या टाक्यांचे सुमारे ५५ किलोग्रॅम धरल्यास सामानासाठी वीस-एकवीस किलोग्रॅम राहतात.

हेच विमान ४५० किलोग्रॅमच्या मर्यादेत उडवायचे झाल्यास चित्र बदलते. दोन व्यक्तींनंतर केवळ २७ किलोग्रॅम उरतात. त्यात साधारण ३७ लिटर पेट्रोल मावते. तासाला सुमारे १६ लिटर खप धरला तर राखीव इंधनासह ते सव्वादोन तासांचे होते आणि सामानाला जागाच राहत नाही. रंगाचा एक जादा थर, जाड गादी किंवा एखादे अनावश्यक उपकरण यांनी पाच किलोग्रॅम वजन वाढवले, तर तितके इंधन कमी करावे लागते. त्यामुळे अशा विमानाचे अभिकल्पक प्रत्येक भागाच्या वजनाचा स्वतंत्र हिशोब ठेवतात आणि जुळणी पूर्ण झाल्यावर विमान प्रत्यक्ष तोलून पाहणे अनिवार्य असते.

पंख आणि स्टॉलचा वेग

पंखावरून वाहणाऱ्या हवेमुळे विमानाला वर उचलणारा जोर मिळतो. त्यास उत्थापन म्हणतात. वेग कमी होत गेल्यास तेवढेच उत्थापन टिकवण्यासाठी विमानाचे नाक वर करावे लागते. एका मर्यादेनंतर हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागापासून सुटते आणि उत्थापन एकाएकी घटते. या स्थितीला 'स्टॉल' व ती ज्या वेगाला येते त्यास स्टॉलचा वेग म्हणतात. तो वजनाच्या वर्गमूळाच्या समप्रमाणात असतो. हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ आणि पंखाचा उत्थापन गुणांक यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाशी त्याचे प्रमाण व्यस्त असते.

साध्या पंखाचा कमाल उत्थापन गुणांक सुमारे १.५ असतो. सीएच ७०१ इतके वजन व क्षेत्रफळ असलेल्या विमानाला असा पंख बसवला, तर समुद्रसपाटीवर स्टॉलचा वेग ताशी सुमारे ७८ किलोमीटर येतो. हाइन्त्झ यांनी पंखाच्या पुढच्या कडेला कायमची पट्टी बसवली. तिला स्लॅट म्हणतात. पट्टी आणि पंख यांमधील फटीतून वेगाने येणारी हवा पंखाच्या पाठीला चिकटून राहते. मागच्या कडेखाली, पंखाच्या संपूर्ण लांबीचे, फ्लॅप आणि एलेरॉन या दोहोंचे काम करणारे 'फ्लॅपेरॉन' टांगलेले आहेत. या दोन उपायांनी उत्थापन गुणांक ३.१ पर्यंत जातो, असे अभिकल्पकाचे गणित आहे. त्यानुसार पूर्ण वजनासह स्टॉलचा वेग ताशी सुमारे ५४ किलोमीटर येतो.

७८ आणि ५४ यांतील फरक केवळ धावपट्टीच्या लांबीचा नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून इंजिन बंद पडून शेतात उतरण्याची वेळ आली, तर ५४ च्या वेगाने जमिनीला टेकणाऱ्या विमानात ७८ च्या तुलनेत निम्म्याहूनही कमी ऊर्जा असते. आत बसलेल्या माणसांना मिळणारे हे मोठे संरक्षण होय. त्याची किंमतही मोजावी लागते. कायमच्या पट्टीमुळे हवेचा अवरोध वाढतो आणि प्रवासी वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपासच राहतो. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी आखलेली दोन आसनी विमाने अरुंद, गुळगुळीत पंख वापरून त्याहून बरीच वेगाने जातात. परंतु त्यांना उतरण्यासाठी अधिक लांब व चांगली धावपट्टी लागते.

आसनांची मांडणी आणि गुरुत्वमध्य

दोन आसने शेजारीशेजारी किंवा एकामागे एक अशा दोन प्रकारे ठेवता येतात. एकामागे एक बसल्यास धड अरुंद होते व हवेचा अवरोध घटतो. मात्र दुसरी व्यक्ती नसताना गुरुत्वमध्य सरकतो आणि त्याची भरपाई रचनेतच करावी लागते. शेजारच्या आसनांत दोघेही गुरुत्वमध्याच्या जवळ असतात, त्यामुळे एकट्याने उडताना तोल फारसा बदलत नाही. शिक्षकाला विद्यार्थ्याचे हात दिसतात, हाही प्रशिक्षणाच्या दृष्टीने फायदा आहे. सीएच ७०१ मध्ये दोघांच्या मध्ये एकच इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराची नियंत्रणदांडी आहे. इंधनाच्या टाक्या पंखांत असल्याने इंधन संपत गेले तरी गुरुत्वमध्य थोडाच हलतो.

सांगाडा आणि साहित्य

अतिहलक्या विमानांचे सांगाडे प्रामुख्याने तीन प्रकारचे असतात. पहिल्यात ॲल्युमिनिअमच्या किंवा पोलादाच्या नळ्यांवर कापड ताणून बसवतात. हा प्रकार स्वस्त व दुरुस्तीस सोपा आहे. परंतु उन्हातील अतिनील किरणांनी कापड कमकुवत होते. दुसऱ्यात काचतंतू किंवा कार्बनतंतू राळेत बसवून भाग साच्यात घडवतात. त्यांचा पृष्ठभाग अत्यंत गुळगुळीत असतो. मात्र राळेचे प्रमाण, तापमान व स्वच्छता यांतील चूक आत दडून राहते. तिसऱ्यात ॲल्युमिनिअमचे पातळ पत्रे रिव्हेटने जोडतात. सीएच ७०१ या तिसऱ्या प्रकारचे आहे. त्यातील रिव्हेट एकाच बाजूने ओढून बसवायचे असतात. कारखान्यांतून व फर्निचरच्या कामांत वापरल्या जाणाऱ्या पॉप रिव्हेटचीच ही विमानासाठी घडवलेली जात होय. एकट्या माणसाला ते बसवता येतात आणि वाकडा किंवा सैल बसलेला रिव्हेट डोळ्यांना दिसतो, छिद्र पाडून काढता येतो व नवा घालता येतो.

शेपूट आणि नियंत्रण

कमी वेगात शेपटीवरील नियंत्रण-पृष्ठांना हवेचा जोर कमी मिळतो. यासाठी सीएच ७०१ मध्ये संपूर्ण उभे शेपूटच सुकाणू म्हणून वळते. आडव्या शेपटीचा छेद उलट्या पंखासारखा आहे. त्यामुळे ती शेपटीचा भाग खाली दाबते आणि मोठ्या कोनात नाक वर धरणे शक्य होते.

इंजिन

१९८०च्या दशकात अशा विमानांत मुख्यतः दुचाकींप्रमाणे दोन आघाती इंजिने वापरली जात. ती हलकी असत; परंतु अचानक बंद पडण्याचे प्रमाण अधिक होते. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे ९१२ हे चार आघाती, चार सिलिंडरचे इंजिन १९८९ पासून उपलब्ध झाले आणि या वर्गाची विश्वासार्हता वाढली. ते मिनिटाला ५,८०० पर्यंत फेरे घेते. प्रोपेलर इतक्या वेगाने फिरवल्यास त्याची कार्यक्षमता घटते, म्हणून दातेरी चाकांच्या साहाय्याने हा वेग निम्म्याहून कमी केला जातो. हे इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालते. मात्र त्यातील इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंतच असावे, अशी निर्मात्याची अट आहे. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण अमलात आल्यामुळे नेहमीच्या पंपावरील पेट्रोल वापरण्यापूर्वी ही बाब तपासणे आवश्यक ठरते.

संच आणि जुळणी

संचात पत्रे, फासळ्या, रिव्हेट, चाके, नियंत्रणाच्या तारा आणि टप्प्याटप्प्याची पुस्तिका असते. इंजिन, प्रोपेलर व उपकरणे बहुधा वेगळी घ्यावी लागतात. अनेक बांधक सुरुवातीस केवळ शेपटीचा संच घेतात. काम जमते की नाही, हे त्यातून थोड्या खर्चात समजते.

अमेरिकेतील नियमांनुसार विमान 'हौशी बांधणीचे' ठरण्यासाठी कामाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी किंवा छंदासाठी केलेला असावा लागतो. यास '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. त्यामुळे संच किती तयार द्यायचा, यालाही कायद्याची सीमा असते.

जुळणीत पत्र्यांची छिद्रे एकमेकांवर आणून त्यांत स्प्रिंगच्या तात्पुरत्या खुंट्या घालतात. सर्व भाग सरळ असल्याची खात्री झाल्यावर पत्रे पुन्हा सुटे करून छिद्रांच्या कडा घासतात, गंजरोधक लेप लावतात व मगच रिव्हेट बसवतात. छिद्राची कड खरबरीत राहिल्यास तेथून तडा सुरू होऊ शकतो. म्हणून हे कंटाळवाणे वाटणारे काम टाळता येत नाही. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे व नोंदवही ठेवण्याची पद्धत आहे. ही वही पुढे निरीक्षकासमोर पुरावा म्हणून ठेवली जाते.

उष्ण हवामानाचा परिणाम : नागपूरचे उदाहरण

विमानाच्या माहितीपत्रकातील आकडे समुद्रसपाटीवरील १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या प्रमाण हवेसाठी दिलेले असतात. विदर्भातील उन्हाळ्यात ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात येथील दुपारचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. त्या उंचीवरील प्रमाण दाब धरल्यास अशा दुपारी हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.०७ किलोग्रॅम भरते. प्रमाण हवेत ती १.२२५ असते, म्हणजे येथे सुमारे १३ टक्के घट होते. विमानाच्या दृष्टीने नागपूरची धावपट्टी त्या वेळी जणू १,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असते.

याचे परिणाम तीन ठिकाणी दिसतात. पंखाला तेवढेच उत्थापन मिळवण्यासाठी अधिक वेग लागतो. वरील उदाहरणातील ५४ किलोमीटरचा स्टॉलचा वेग सुमारे ५८ होतो. वेगमापक हवेच्या दाबावर चालत असल्याने त्याच्या काट्यावर मात्र हा फरक दिसत नाही, जमिनीसापेक्ष वेग तेवढा वाढलेला असतो. दुसरे असे, की इंजिनात कमी हवा जाते व त्याची शक्ती घटते. तिसरे, प्रोपेलर विरळ हवा ढकलतो. या सर्वांमुळे उड्डाणापूर्वीची धाव ढोबळमानाने तीस टक्के किंवा त्याहून अधिक वाढते आणि वर चढण्याचा वेग घटतो. जानेवारीतील पहाटे १२ अंश तापमानात त्याच धावपट्टीवर घनता १.१९ च्या आसपास असते. म्हणजे हिवाळ्यात सहज जमलेले उड्डाण उन्हाळ्यातही जमेलच असे नाही. उष्णतेने इंधनवाहिनीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा खंडित होण्याचा धोकाही असतो. म्हणून उन्हाळ्यात हलक्या विमानांची उड्डाणे सकाळी लवकर करणे आणि वजन कमी ठेवणे श्रेयस्कर असते.

सुरक्षितता

आराखडा, जुळणी आणि उड्डाण या तीन टप्प्यांपैकी कोणत्याही टप्प्यावरील चूक प्राणघातक ठरू शकते. हाइन्त्झ यांच्याच 'झोडिअॅक सीएच ६०१ एक्सएल' या दोन आसनी, खालच्या पंखांच्या विमानाचे हवेतच पंख तुटण्याचे अपघात झाल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने एप्रिल २००९ मध्ये ही विमाने जमिनीवर थांबवण्याची शिफारस केली. एलेरॉनमध्ये निर्माण होणारी व वेगाने वाढत जाणारी थरथर, म्हणजेच फ्लटर, हे संभाव्य कारण मंडळाने पुढे ठेवले होते. त्यानंतर पंखांचे मजबुतीकरण आणि एलेरॉनना तोलाची वजने जोडणे असे बदल सुचवण्यात आले. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून विमान पूर्ण केले होते, त्यांना आपले बंद केलेले पंख पुन्हा उघडावे लागले. अनुभवी अभिकल्पकाच्या आराखड्यालाही प्रत्यक्ष चाचण्यांची व मोकळेपणाने दोष स्वीकारण्याची गरज असते, हे या प्रकरणातून दिसते.

जुळणीनंतर विमानाचे चाचणी-उड्डाण वस्तीपासून दूर व एकट्याने करायचे असते. अमेरिकेत हा टप्पा साधारणतः २५ किंवा ४० तासांचा असतो आणि तोपर्यंत सोबत प्रवासी नेता येत नाही. अनेक विमानांत संपूर्ण विमानालाच तोलून खाली आणणारी हवाई छत्री बसवतात. ती छोट्या अग्निबाणाने बाहेर फेकली जाते. तिचे वजन उपयुक्त वजनातून वजा होते, हे वर दिलेल्या हिशोबावरून लक्षात येईल.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती

स्वतंत्र भारतात दोन आसनी विमानाच्या स्वदेशी रचनेची परंपरा मराठी अभियंत्याच्या नावाशी जोडलेली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुटविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले होते. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले 'एचटी-२' हे दोन आसनी प्रशिक्षण विमान १९५१ साली उडाले. त्याच कंपनीचे ९० अश्वशक्तीचे 'पुष्पक' १९५८ साली उडाले व देशातील फ्लाइंग क्लबांमध्ये प्रशिक्षणासाठी वापरले गेले. ही कारखान्यात बांधलेली विमाने होती, किट विमाने नव्हेत.

रुटान यांच्या लाँग-ईझी विमानावर आधारित एक संशोधन विमान बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने १९८७ साली उडवले. संमिश्र साहित्याच्या या अनुभवाचा उपयोग पुढे 'हंस' या दोन आसनी विमानाला झाला. हंसचे पहिले उड्डाण १९९३ साली झाले व २००० साली त्याला प्रमाणपत्र मिळाले. बंगळूरच्याच 'राज हंस अल्ट्रालाइट्स' या कंपनीने नळ्या व कापड यांपासून बनणाऱ्या 'एक्स-एअर' या दोन आसनी विमानाचे संच परदेशांतही विकले.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या (एनसीसी) हवाई शाखेत मायक्रोलाइट विमानांतून छात्रांना उड्डाणाचा अनुभव दिला जातो. वर वर्णन केलेले सीएच ७०१ या शाखेत 'झेन एअर' या नावाने वापरले गेले. २०१५ साली संरक्षण मंत्रालयाने स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीकडे 'व्हायरस एसडब्ल्यू ८०' या प्रकारच्या १९४ विमानांची मागणी नोंदवली. त्यांपैकी ११० छात्रसेनेसाठी, ७२ हवाई दलासाठी व १२ नौदलासाठी होती. ही विमाने कारखान्यातून तयार स्वरूपात आली. छात्रसेनेची २ महाराष्ट्र एअर स्क्वाड्रन नागपूर येथे असून विदर्भातील विद्यार्थ्यांसाठी अतिहलक्या विमानाशी परिचय होण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग आहे.

महाराष्ट्रातील हौशी विमानबांधणीचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे आहे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी मुंबईतील कांदिवलीच्या चारकोप भागात आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत झालेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते प्रदर्शित करण्यात आले. हे विमान अतिहलक्या वर्गातील नव्हते आणि विकतच्या संचावरूनही बांधलेले नव्हते. परंतु एका व्यक्तीने बांधलेल्या विमानाची नोंदणी कोणत्या नियमाखाली करायची, हा प्रश्न त्यामुळे देशासमोर ठळकपणे आला. डीजीसीएची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये व उड्डाणाची परवानगी २०१९ साली मिळाली. २०२० मध्ये धुळे येथील धावपट्टीवरून त्याची उड्डाण-चाचणी झाली. विमान पूर्ण झाल्यानंतरही परवानगीसाठी काही वर्षे गेली. हौशी बांधणीसाठी अमेरिकेत आहे तशी सुस्पष्ट आणि वेळेत पूर्ण होणारी तपासणीची पद्धत विकसित होणे, ही भारतातील किट विमानांच्या प्रसाराची मुख्य अट मानली जाते.

हेही पहा

मायक्रोलाइट
ग्लायडर
विष्णू माधव घाटगे
राष्ट्रीय छात्रसेना